नवी चेन घातली आणि गिअर सटकायला लागले

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत सांगतो, म्हणजे समजण्यात काही चूक झाली असेल तर इथेच कळेल. तुम्ही ठाण्यात कासारवडवलीला राहता. सायकल साडेतीन वर्षं जुनी एमटीबी (माउंटन बाइक), २७.५ इंची चाकं, पुढे ३ आणि मागे ७ असे २१ गिअर, पुढे १०० मिमीचं स्प्रिंगवालं सस्पेन्शन, तारेवरचे डिस्क ब्रेक. पावसाळ्यात चेन तांबूस झाली म्हणून दिवाळीच्या सुट्टीत व्हिडिओ बघून घरीच नवी घातलीत. तेव्हापासून उपवनकडून येऊरच्या चढाला लागलं आणि जोर दिला की ‘खट्’ आवाज होतो आणि पेडल रिकामं पुढे जातं. डिरेलरचे, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागाचे, सगळे स्क्रू फिरवून झाले, फरक नाही. आता १५ हजार बाजूला ठेवलेत आणि विचारताय की पुढे एकच चक्र आणि मागे दहा असा नवा संच बसवू, की १२० मिमीचा एअर फोर्क, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेवर चालणारं पुढचं सस्पेन्शन? आणि दोन बेडरूमच्या फ्लॅटच्या गॅलरीत हा उद्योग जमेल का?

गॅलरीत जमतो. मी १४ वर्षं तेच करतोय. त्याआधी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये २२ वर्षं काढली, त्यामुळे हातात पाना घेण्याआधी व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) घ्यायची खोड आहे, ती तुम्हाला पुढे जाणवेलच. माझं दुकान नाही, काही विकायचंही नाही.

तुमचे दोन्ही पर्याय मला तूर्त बाजूला ठेवावेसे वाटतात. सायकल आज नेमकी कुठे झिजली आहे हे कळल्याशिवाय १५ हजार कुठेही टाकले तरी ते अंधारात टाकल्यासारखं होईल. आणि तुम्ही वर्णन केलेल्या लक्षणांवरून मला जे दिसतंय ते हजाराच्या आसपास मिटण्यासारखं आहे.

चेन ‘ताणली’ असं आपण म्हणतो, पण पोलाद काही रबरासारखं ताणत नाही. प्रत्येक सांध्यात एक पिन असते आणि ती ज्या बाहीत फिरते ती बाही असते. दोन्ही एकमेकींना घासून झिजतात. एका सांध्यात केसाएवढी झीज झाली तर डोळ्यांना दिसत नाही. पण सांधे शंभरावर असतात, आणि सगळ्यांची झीज एका रेषेत जमा होते. चेन लांब होते ती अशी. नव्या चेनमध्ये पिन ते पिन अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी. आजोबांची काळी सायकल असो की लाखाची एमटीबी, हा अर्धा इंच तोच.

तुमची जुनी चेन साडेतीन वर्षांत लांबली, आणि मागचे दातेही तिच्या मापाने झिजत गेले. जुन्या जोडप्यासारखं झालं होतं ते. दोघं बरोबरीने झिजले, त्यामुळे कुरकुर होती पण संसार चालला होता. आता त्या झिजलेल्या दात्यांवर नेमक्या अर्ध्या इंचाची नवी चेन आली. दात्यांमधल्या खाचा मागे सरकून लांबट झालेल्या आहेत. नव्या चेनचा रोलर खाचेत नीट बसत नाही, सगळा भार एकदोन दात्यांवर येतो, आणि जोर वाढला की रोलर दात्याच्या पाठीवर चढून पुढच्या खाचेत उडी मारतो. तीच तुमची ‘खट्’. म्हणजे चेन तुम्ही बहुधा बरोबरच बसवलीत. चेनबरोबर मागचं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या सात चक्रांचा गठ्ठा, बदलायला हवं होतं, एवढंच राहिलं.

‘बहुधा’ म्हणतोय कारण सायकल माझ्यासमोर नाही. सटकण्याची कारणं तीन असतात आणि तिन्ही वेगवेगळी वागतात. दोनच ठरावीक गिअरवर सटकत असेल, म्हणजे ज्यावर तुम्ही रोज चालवता त्या मधल्या चक्रांवर, आणि सर्वांत मोठ्या चक्रावर अजिबात नाही, तर झीज. सगळ्याच गिअरवर सटकत असेल, गिअर टाकल्यावर किरकिर करून मग बसत असेल, तर तार किंवा हँगर (डिरेलर ज्यावर लटकतो तो तुकडा). आणि गिअर कुठलाही असो, पेडलच्या साधारण तीन फेऱ्यांमागे एकदा नेमाने टुचकन उडत असेल, तर एक कडी जाम आहे. हा तीनचा आकडा हवेतला नाही. चेनमध्ये ११० च्या आसपास कड्या, पुढचं मधलं चक्र बहुतेक ३४ दात्यांचं, म्हणजे चेनची एक पूर्ण फेरी व्हायला पेडलच्या तीनपेक्षा थोड्या जास्त फेऱ्या लागतात. जाम झालेली कडी सहसा तीच असते जिथे तुम्ही टूलने पिन दाबून चेन जोडली. तिच्या दोन्ही बाजूंनी चेन धरून आडवी, म्हणजे ज्या दिशेला ती वाकत नाही त्या दिशेला, हलकेच दोनचार वेळा वाकवा. मोकळी होते. खर्च शून्य.

जुनी चेन भंगारात गेली नसेल तर तिच्याकडूनच पुरावा घ्या. कपाटातली स्टीलची फूटपट्टी आणा, प्लॅस्टिकची नको. चेन खिळ्याला टांगा, एका पिनच्या मध्यावर शून्य धरा आणि १२ इंचांवर काय येतं ते बघा. नव्या चेनमध्ये तिथे दुसऱ्या एका पिनचा मध्य बरोबर येतो. तो १/१६ इंच पुढे गेला असेल तर झीज अर्धा टक्का झाली, म्हणजे चेन बदलायची वेळ जवळ आली होती. १/८ इंच पुढे गेला असेल तर झीज एक टक्का, आणि मग फ्रीव्हीलकडे बघायचीही गरज नाही, ते गेलेलं आहे. चेन गेज नावाचं छोटं साधन काही शे रुपयांत मिळतं, ते पुढे घ्या, पण पट्टीने शिकलेलं डोक्यात राहतं. इथून पुढे दर महिन्याला पहिल्या रविवारी मोजायचं. १/१६ ला चेन बदलत गेलात तर एक फ्रीव्हील दोनतीन चेन सहज काढतं.

आपल्याकडे हे सगळं लवकर होतं त्याला कारणं आहेत. एक तर चार महिने पाऊस. दुसरं, खाडीची हवा. ठाणे काय, नवी मुंबई काय, लोखंड उघडं ठेवलं की दोन दिवसांत त्यावर तांबूस पावडर दिसते. आणि तिसरं म्हणजे रस्त्यावरचा चिखल. घोडबंदर रोडला मेट्रोची कामं सुरू झाल्यापासून तिथल्या चिखलात सिमेंट आणि बारीक खडीची भुकटी असते. टूलरूममध्ये दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासून सपाट करायचे असले की आम्ही मध्ये लॅपिंग पेस्ट लावायचो: तेल आणि बारीक घासणारी पावडर. पावसाळ्यातली तेलकट चेन म्हणजे नेमकी तीच पेस्ट. तेल जास्त लावलं म्हणजे चेनची काळजी घेतली असा समज आहे तो इथे उलटा पडतो.

माझी पद्धत सांगतो. पावसातून आलं की बादली-मगाने चेनवर पाणी टाकायचं, जुन्या दात घासायच्या ब्रशने घासायचं, पाइपचा फवारा हबवर (चाकाच्या मध्यावर) आणि पेडलच्या अॅक्सलवर मारायचा नाही. जुन्या सुती बनियनने कोरडी करायची. मग प्रत्येक रोलरवर आतल्या बाजूने एकेक थेंब, पेडल उलटं फिरवत. दहा मिनिटं थांबायचं, चहा होतो तेवढ्यात. मग बाहेरून पुन्हा पुसायची, पुसून हात जवळजवळ कोरडा निघेपर्यंत. तेल आतल्या पिनला हवं असतं, बाहेर दिसणारं तेल फक्त धूळ जमवतं. पावसाळ्यात वेट ल्यूब म्हणून विकतात ते जाडसर तेल, एरवी पातळ ड्राय ल्यूब. शिलाई मशीनचं तेल तात्पुरतं चालतं, पण एका पावसात धुऊन जातं. गॅरेजमधलं काळं ऑइल वापरू नका, त्यात इंजिनातली घाण आधीच असते. आमच्या सोसायटीतले एक काका खोबरेल लावतात. चेन छान वास मारते, आणखी काही होत नाही.

आता फ्रीव्हील काढायचं. २१ गिअरच्या सायकलीत ते हबवर आट्यांनी बसवलेलं असतं. पेडल मारताना ते दर वेळी आवळलं जातं, त्यामुळे साडेतीन वर्षांनी ते इतकं घट्ट असतं की नेहमीच्या पान्याने हलत नाही. त्याचं खास टूल मिळतं, दातेरी गोल तुकडा, फ्रीव्हीलच्या मधल्या खाचांत बसणारा. टूल बसवून क्विक रिलीजची, म्हणजे चाक हाताने सोडवायची, दांडी परत घालून ते हलकं आवळा, म्हणजे टूल उसळून खाचा खाणार नाही. मग टूल व्हाइसमध्ये धरा आणि संपूर्ण चाक गाडीच्या स्टिअरिंगसारखं डावीकडे फिरवा. चाकाचा घेर हाच तुमचा लांब पाना. व्हाइस नसेल तर कोणत्याही वेल्डिंगवाल्याकडे चाक घेऊन जा, तो दोन मिनिटांत सोडवून देईल. सुटलं की क्विक रिलीज लगेच काढायला विसरू नका. नवं बसवताना आट्यांना ग्रीस लावा, हाताने सरळ बसवा, आवळायचं काम तुमचे पाय करतील. ७ गिअरचंच घ्या. चढ जड जात असेल तर सर्वांत मोठं चक्र ३४ दात्यांचं असलेलं मिळतं, येऊरला त्याचा फायदा लगेच कळतो, पण डिरेलर किती दात्यांपर्यंत चालतो ते आधी त्याच्या मॉडेल नंबरवरून बघा. आणि मोठं चक्र वाढलं तर चेनची लांबीही पुन्हा तपासावी लागेल.

एक धोक्याची गोष्ट मात्र आजच बघा, फ्रीव्हील येईपर्यंत थांबू नका. तुम्ही लिहिलंय की डिरेलरचे सगळे स्क्रू फिरवले. त्यातले एच आणि एल लिहिलेले दोन स्क्रू गिअर जुळवण्यासाठी नसतातच. डिरेलर बाहेर किती आणि आत किती जाऊ शकेल त्या त्याच्या सीमा आहेत. एल सैल राहिला असेल तर चढावर सर्वांत हलक्या गिअरला डिरेलर आत जाऊन स्पोकमध्ये अडकेल. मग डिरेलर, हँगर आणि दहाबारा स्पोक एकदम जातात, आणि तुम्ही रस्त्यावर. सायकल टांगा, मोठ्या चक्रावर चेन घ्या, हाताने डिरेलर आत ढकलून बघा. चक्राच्या पलीकडे जायला नको. हे झाल्यावर राहिलेली जुळवाजुळव तारेच्या बॅरलने करायची, अर्धा अर्धा फेरा.

तेही जुळत नसेल तर हँगर बघा. फ्रेमला डिरेलर ज्या छोट्या ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर लटकतो तो हँगर. फ्रेम वाचावी म्हणून तो मुद्दाम मऊ केलेला असतो. लिफ्टमध्ये सायकल एकदा उजव्या बाजूला टेकली तरी वाकतो. त्याचं गेज महाग आहे, पण एक युक्ती आहे. डिरेलरचे आटे एम १० बाय १ चे असतात, आणि बऱ्याच मागच्या हबच्या अॅक्सलचे आटेही तेच. तशा अॅक्सलचं दुसरं एखादं चाक मिळालं तर डिरेलर काढून ते अॅक्सल थेट हँगरमध्ये बसवायचं. दोन चाकं शेजारी शेजारी उभी राहतात. चारही बाजूंना दोन्ही रिममधलं अंतर मोजायचं. सारखं असेल तर हँगर सरळ. नसेल तर तेच चाक दांड्यासारखं वापरून हळूच सरळ करायचं. अंतर मोजण्यात मला जो आनंद होतो तो बायकोला आजवर कळलेला नाही.

आता तुमचे दोन पर्याय. मागे दहा गिअरच्या संचाबद्दल. तुम्हाला वाटतंय की शिफ्टर, डिरेलर, चेन आणि मागचा कॅसेट (हबवर सरकवून बसवायचा चक्रांचा गठ्ठा), एवढंच. पण दहाचा कॅसेट तुमच्या हबवर बसत नाही, कारण तुमचा हब आट्यांचा, फ्रीव्हीलचा. म्हणजे हब बदलायचा, म्हणजे पूर्ण मागचं चाक. पुढे एकच चक्र करायचं तर तुमच्या क्रँकला (पेडल ज्यावर बसतं त्या दांड्याला) तिन्ही चक्रं बहुतेक रिव्हेट मारून जोडलेली असतील, ती सुटत नाहीत, म्हणजे क्रँक. क्रँक बदलला की अॅक्सलची लांबी जुळेल का ते बघावं लागतं, म्हणजे बीबी (फ्रेममधला तो अॅक्सल आणि त्याचे कप). एका धाग्याला हात घातला की अख्खा स्वेटर उसवतो तसं आहे ते. पंधरा हजारांत हे होईल की नाही, ते भाग कुठले मिळतात यावर अवलंबून आहे, पण झालं तरी हातात येईल ती जुन्या फ्रेमवरची नवी गिअरची यंत्रणा, आणि ब्रेक तसेच तारेवरचे.

त्यापेक्षा थांबा. आट्यांच्या हबची एक जुनी खोड आहे: फ्रीव्हीलला जागा द्यायला उजवीकडचे छर्रे आत सरकवावे लागतात, त्यामुळे अॅक्सलचा मोठा तुकडा आधाराशिवाय बाहेर राहतो. खड्ड्यांत ते अॅक्सल वाकतं, कधी तुटतं. चाक काढून अॅक्सल बोटांनी फिरवा, टोक गोल गोल डुलत असेल तर वाकलंय. ज्या दिवशी ते होईल त्या दिवशी कॅसेटच्या हबचं १३५ मिमीचं मागचं चाक घ्या. त्यावर ८, ९, १० यांपैकी काहीही बसतं. आणि इथे एक बारीक गोष्ट फायद्याची आहे: शिमानो कंपनीच्या एमटीबी गिअरमध्ये ७, ८ आणि ९ या तिघांत तार जितकी ओढली जाते त्या मानाने डिरेलर सारखाच सरकतो. १० पासून ते प्रमाण बदललं. म्हणजे तुमचा डिरेलर शिमानोचा असेल तर तोच ठेवून ९ चा शिफ्टर, ९ चा कॅसेट आणि ९ ची चेन चालू शकते, कॅसेटचं मोठं चक्र त्याच्या क्षमतेत असेल तर. दहाच्या हट्टाने डिरेलरही फेकावा लागतो.

फोर्कबद्दल मी जरा जास्त बोलेन, कारण दर महिन्याला कोणीतरी हे विचारतंच. जुने सायकलवाले त्याला चिमटा म्हणत, आणि तो शब्द मला आवडतो, कारण त्याचं काम चाक धरून ठेवायचं आहे हे त्यातून लक्षात राहतं. तुमची फ्रेम १०० मिमीच्या हिशेबाने काढलेली आहे. १२० चा घातला की पुढचं तोंड वर उठतं, हँडलचा कोन साधारण एका अंशाने मागे पडतो, पेडलचं अॅक्सल थोडं वर जातं. उतारावर बरं वाटतं. पण तुमचं दुखणं चढावर आहे, आणि चढावर अशी सायकल पुढून हलकी होऊन डावी-उजवीकडे भटकते. शिवाय हेड ट्यूबच्या (फोर्क जिच्यात बसतो त्या फ्रेमच्या पुढच्या नळीच्या) जोडावर पडणारी तरफ वाढते. साध्या ॲल्युमिनियमच्या फ्रेमची तीच जागा आधी चिरते. तुमच्या फोर्कचा स्टिअरर, म्हणजे वरची नळी, सरळ असणार, १ १/८ इंचाचा, आणि चाक ९ मिमीच्या क्विक रिलीजवर. बाजार आता निमुळत्या स्टिअररकडे आणि जाड थ्रू अॅक्सलकडे गेलाय. त्यामुळे तुमच्या मापात, तुमच्या पैशांत जे एअर फोर्क मिळतात त्यांतले बरेच असे असतात की सील गेलं तर सुटा भाग मागवायचा कुठून, याचं उत्तर विकणाऱ्याकडेही नसतं.

त्याऐवजी आहे तो फोर्क एकदा उघडा. पुढचं चाक आणि ब्रेकचं कॅलिपर काढा, फोर्कच्या पायांच्या तळाला बोल्ट किंवा नट असतात ते सोडा, रबरी हातोडीने हलकेच ठोका, खालचा भाग सरकून हातात येतो. साडेतीन पावसाळ्यांनंतर आत काय असेल ते मी सांगू शकतो: चहाच्या रंगाचं पाणी आणि साबणासारखं झालेलं ग्रीस. सगळं पुसा, आतल्या प्लॅस्टिकच्या बुशना आणि सीलना चालेल असं ग्रीस लावा, बसवा. वरच्या नळ्यांवर गंजाचे खड्डे नसतील तर फोर्क नव्यासारखा नाही, पण मऊ चालेल. काही स्वस्त फोर्क उघडण्यासाठी केलेलेच नसतात. तुमचा उघडत नसेल तर जबरदस्ती करू नका. वरच्या टोकाला जी फिरवायची कळ असते तिने स्प्रिंग कडक होत नाही, ती फक्त आधीच थोडी दाबून ठेवली जाते. नळीवर प्लॅस्टिकची पट्टी बांधा, भिंतीला धरून सायकलवर सावकाश बसा, उतरा. पट्टी २० मिमीच्या आसपास सरकली असेल तर स्प्रिंग तुमच्या वजनाला ठीक आहे. ४० सरकली तर स्प्रिंग मऊ आहे, आणि मग कळ कितीही फिरवली तरी भागणार नाही.

म्हणजे आतापर्यंतचा क्रम असा झाला: एल स्क्रू आजच, जुनी चेन मोजणं, नवं फ्रीव्हील, गरज पडली तर हँगर, मग एका रविवारी फोर्क. यात १५ हजारांचा फार छोटा भाग जातो. उरलेले कुठे घालायचे असं विचाराल तर मी ब्रेक आणि टायर म्हणेन. येऊरहून उतरताना तुमचा जीव त्या दोघांवर असतो.

तारेच्या डिस्कमध्ये सहसा एकच पॅड हलतो, दुसरा जागेवर असतो. हलणारा पॅड डिस्कला ढकलून दुसऱ्यावर नेतो. म्हणून जागेवरचा, आतला पॅड डिस्कला जवळजवळ चिकटेल एवढा आणायचा, नुसता घासू द्यायचा नाही. निम्म्या लोकांचे ‘खराब’ ब्रेक एवढ्यानेच सुधारतात. तार बदलताना एक चूक जिवावर बेतू शकते: गिअरच्या तारेचं बाहेरचं कव्हर ब्रेकला वापरू नका. गिअरच्या कव्हरमध्ये बारीक तारा उभ्या लांबीने असतात, ब्रेकच्या कव्हरमध्ये त्या गुंडाळलेल्या असतात. जोरात ब्रेक दाबला तर गिअरचं कव्हर फाटू शकतं, आणि फाटलं की ब्रेक गेला. दिसायला दोन्ही काळी, सारखीच. डिस्कची जाडी व्हर्नियरने बघा. शिमानोची नवी डिस्क १.८ मिमी असते, १.५ ला फेकायची.

हायड्रॉलिकवर जायचं तर शिमानोचा एमटी २०० संच तेल भरूनच येतो, आणि तुमच्या रकमेत आरामात बसावा. दोन गोष्टी बघून घ्या. तुमच्या हँडलवर गिअरचा खटका आणि ब्रेकचा लिव्हर एकाच तुकड्यात असेल तर वेगळे शिफ्टर घ्यावे लागतील. आणि डिस्कवर फक्त रेझिन पॅड वापरा असं कोरलेलं असेल तर धातूचे पॅड लावू नका, ते डिस्क खातात. शिमानोला मिनरल ऑइल लागतं. मोटरसायकलच्या दुकानातलं डॉट तेल त्यात घातलंत तर आतले सील फुगून जातील. माझ्या हातून एकदा वेगळाच गाढवपणा झाला होता. गॅलरीत चेनवर गंज काढायचा स्प्रे मारला, वाऱ्याने तो मागच्या डिस्कवर गेला. पोखरण रोडच्या सिग्नलला ब्रेक दाबला आणि सायकल अगदी निवांत पुढे गेली, मी आणि एक रिक्षावाला एकमेकांकडे बघत राहिलो. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाचली, पॅड टाकून द्यावे लागले.

टायर: बाजूला ५४-५८४ असं काहीतरी लिहिलेलं असेल. ५८४ हा रिमचा व्यास मिमीमध्ये, २७.५ चा खरा अर्थ तो. पहिला आकडा रुंदी. फ्रेम आणि टायरमध्ये दोन्ही बाजूंना चिखल जाईल एवढी फट राहिली पाहिजे. बाजूला छापलेला जास्तीत जास्त दाब हा भरायचा दाब नव्हे. माझं वजन ७० किलो. डांबरी रस्त्याला ४५ पीएसआय आणि मुरमाला पुढे ३०, मागे ३३ ठेवतो. पावसाळ्यात शेवाळलेल्या कातळावर कुठलंही टायर घसरतं, तिथे उतरून चाला. आणि येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. पायवाटेने आत घुसण्याची हौस वनखात्याच्या परवानगीशिवाय करू नका.

शेवटी गॅलरी. स्टँड लगेच घेऊ नका. ग्रिलला किंवा छताच्या हुकाला दोरी बांधून सीटच्या नाकाला अडकवा, मागचं चाक हवेत फिरलं की झालं. खाली जाड पुठ्ठा आणि त्यावर वर्तमानपत्र. रॉकेल किंवा डिग्रीझर ट्रेमध्येच. माझ्या खालच्या मजल्यावरच्या वहिनींच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या साडीवर एकदा दोन थेंब पडले होते, आणि तो विषय अजून मिटलेला नाही. हत्यारांत २ ते ८ मिमी एलन कीचा चांगला संच, टी २५ (ताऱ्याच्या तोंडाची की), चेन टूल, फ्रीव्हीलचं टूल, १५ मिमीचा पातळ पेडल पाना, तार कापायची खास पक्कड. सायकलींसाठी म्हणून विकला जाणारा ४० तुकड्यांचा डबा नको, त्यातलं पोलाद मऊ असतं. एलन की आणि व्हर्नियर मुंबईत नागदेवी स्ट्रीटला हातात घेऊन, बघून घ्या. हबचे छर्रेही तिथे सुटे मिळतात. साधारणपणे मागच्या हबला १/४ इंची, दर बाजूला ९, पुढच्याला ३/१६ इंची, दर बाजूला १०. जुने मोजूनच घ्या.

क्रँक आणि बीबी पहिल्या वर्षी उघडू नका, किंवा उघडलंत तर एक लक्षात ठेवा. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे सगळ्यांना माहीत असतं. बीबीचा उजवा कप उलट्या आट्यांचा असतो, म्हणजे चेनच्या बाजूचा, हे मात्र विसरलं जातं. मी, टूलरूममध्ये २२ वर्षं आटे पाडलेला माणूस, मुलाच्या सायकलचा उजवा कप सुटत नाही म्हणून पान्याला पाइप लावून पूर्ण ताकदीने तो आणखी आवळत होतो. कपच्या खाचा गेल्या, टूलचा दात गेला, हात फ्रेमवर आपटून बोटाचं नख गेलं. मुलगा तेव्हा नववीत होता. तो शांतपणे म्हणाला, बाबा, व्हिडिओत उलटं फिरवतायत.

तुम्ही लिहिलंय की घरचं काम म्हणजे हौस, खरं काम दुकानातच. तसं समजू नका. हा खेळच घरच्या गॅरेजमध्ये जन्मला. कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत पोरं १९३०-४० च्या सुमाराच्या जड जुन्या सायकली दुरुस्त करून डोंगरावरून सोडायची. त्यांचे ब्रेक मागच्या हबच्या आत असायचे, उतारात हब इतका तापायचा की ग्रीस जळून धूर निघायचा, आणि खाली आल्यावर हब उघडून नवं ग्रीस भरावं लागायचं. २१ ऑक्टोबर १९७६ ला त्यांनी तिथे पहिली शर्यत लावली, आणि त्या उताराचं नावच ‘रीपॅक’ पडलं: पुन्हा ग्रीस भरायला लावणारा.

आता दोन गोष्टी कळवा. जुन्या चेनचा १२ इंचांवरचा आकडा, आणि कुठल्या चक्रावर सटकतं ते, लहान बाजूने मोजून. सायकलचा फोटोही टाका, पण बाजूने नको. मागून, जमिनीवर बसून, डिरेलरच्या उंचीवर मोबाइल धरून. वरची छोटी चकती चक्राच्या बरोबर खाली आहे की तिरकी, ते मला तिथूनच दिसेल.